उत्तर खाली

शाळेत नवी वस्तू येणार म्हटलं की तिच्याआधी समिती येते, समितीमागून मतभेद येतात, आणि वस्तू येते ती या दोघांचा पाहुणचार उरकल्यावर. वर्गात डिजिटल नकाशे दाखवायचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं तेव्हाही हेच झालं. समितीत तिघं होते. मुख्याध्यापक, कारण सही त्यांची. संगणकाचे सर, कारण वायरी त्यांच्या. आणि भूगोलाच्या बाई, कारण यंत्र कितीही शहाणं असलं तरी नदी कुठून निघते हे पोरांना शेवटी सांगायचं कोणी?

बाईंची सगळी नोकरी फळ्यासमोर गेलेली. खडू टेकवला की हात न उचलता अख्ख्या खंडाची किनार ओढायच्या. बाईंनी डोळे मिटून काढला तरी समुद्र जिथल्या तिथं राहतो, असं मुलं म्हणायची. तेव्हा त्या या नव्या थेराला विरोध करणार अशी स्टाफरूममध्ये सगळ्यांची खात्री होती, काहींची तर आशाच होती. पण बाईंनी घोर निराशा केली. "गुंडाळून गुंडाळून भिंतीवरचे नकाशे फाटलेत," त्या म्हणाल्या. "एक डोंगररांग चिकटपट्टीखाली गेलीय. मी तिथं छडी लावते आणि पोरं चिकटपट्टीलाच डोंगर समजतात. आणा काय आणायचं ते."

तीन कंपन्यांनी आपापलं सॉफ्टवेअर महिनाभर वापरून बघायला दिलं. त्यांची नावं परदेशी आणि जिभेला पीळ पाडणारी होती. संगणक खोलीची किल्ली सांभाळणाऱ्या शिपाईमामांनी त्यांचं पहिल्याच आठवड्यात बारसं करून टाकलं: गरगरं, बडबडं आणि मुकं. पुढं मुख्याध्यापकांच्या कागदावरसुद्धा हीच नावं चढली.

गरगरं उघडलं की काळ्याभोर आकाशात पृथ्वी फिरू लागायची. मुख्याध्यापक तिच्यावर लट्टू होते. बडबड्यात गावोगावचे शिक्षक आपले नकाशे ठेवायचे आणि एकमेकांच्या नकाशाखाली शेरे मारायचे. स्टाफरूमच, फक्त चहा नाही. मुक्याला नेट लागत नव्हतं, आवाज नव्हता, रंग बेताचे. मात्र नकाशात जे नसेल ते मुलांनी स्वतः काढून जोडायची सोय होती.

शाळा सुटल्यावर एके दिवशी संगणकाचे सर म्हणाले, "बाई, बडबड्यातला शिक्षकांचा कट्टा जरा तुम्ही बघा. मला त्यातलं नेट कळतं, भूगोल नाही."

बाई बसल्या. 'शाळा ते घर' असा एक विषय होता, त्यात शिक्षकांनी वर्गासाठी नमुन्याचे नकाशे केले होते. बाई एकेक उघडून मनात गुण देत चालल्या होत्या. एकाची नदी डोंगर चढत होती, त्याला चार. एकीनं शाळेपेक्षा स्वतःचा बंगला मोठा काढला होता, तिला तीन, आणि तेही स्वच्छतेचे. मग एक नकाशा उघडला आणि बाईंचा हात माउसवरच राहिला.

दूरच्या एका शहराचा कोपरा. शाळा, पाण्याची टाकी, बसथांबा, जिना असलेलं एक घर. नीटनेटकं काम. फक्त दिशा उलट्या होत्या: दक्षिण वर, आणि पार तळाशी एक बाण, बाणाशी 'उत्तर' हा शब्द, डोक्यावर उभा केलेला.

"बग आहे तो," सर मागून डोकावत म्हणाले. "नकाशा फिरवला की यांची अक्षरं नको तेवढी फिरतात. दोषांत लिहून ठेवतो."

"थांबा," बाई म्हणाल्या. "इतक्यात लिहू नका."

बाई बाई नव्हत्या, नुसत्या ताई होत्या, तेव्हाची गोष्ट. घरी मुलांचं एक साप्ताहिक यायचं. शेवटच्या पानावर कोडं, आणि कोड्याखाली बारीक अक्षरांत ठरलेलं वाक्य: 'उत्तर खाली उलटं छापलं आहे.' अंक जमिनीवर पसरायचा. ताई सरळ बाजूनं बसायची आणि धाकटा भाऊ पलीकडे पालथा पडायचा, म्हणजे उलटं उत्तर त्याला सुलट दिसायचं. तो अक्षर ओळखायला शिकला तोच त्या बाजूनं. ताईनं "सांग ना रे" म्हणून कितीही आर्जवं केली तरी त्याचं एकच: "हवंय तर मान वाकडी कर."

पुढं शाळेत गुरुजींनी घराचा नकाशा काढून उत्तर दिशा दाखवायला सांगितली. धाकट्यानं ती पानाच्या तळाशी दाखवली, उलटी.

"हे काय रे?" गुरुजी म्हणाले.

"उत्तर खाली असतं आणि उलटं असतं. छापलंय तसं."

ते पान वडलांनी आल्यागेल्याला दाखवलं. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ताईनं धाकट्याला बाजूला घेऊन समजावलं, "अरे, ते उत्तर वेगळं, हे उत्तर वेगळं."

"मग शब्द एकच का?"

ताईकडे उत्तर नव्हतं. दोन्हींपैकी कुठलंच.

चूक पुढं त्याला कळली, पण तोवर ती त्याची झाली होती. मोठेपणीही तो उत्तर खालीच दाखवायचा, गुण गेले तरी. लहानपणी जे कौतुक असतं ते मिसरूड फुटल्यावर उद्धटपणा ठरतं. माल तोच, नुसतं खातं बदलतं. वडलांनी हसणं बंद केलं. त्यांनी दाखवलेली नोकरी नको म्हणून तो उंबऱ्यात उभा राहिला, त्या दिवशी ते म्हणाले, "नकाशा उलटा तसं काळीजही उलटं! जा, आणि या घराचा पत्ता विसर."

वडलांचं जन्मात एक न ऐकणाऱ्या पोरानं नेमकं तेवढंच ऐकलं.

त्याच्या मित्रांकडे विचारून झालं, घर सोडल्यावर तो राहिला त्या खोलीच्या मालकाकडे विचारून झालं. कोणी म्हणालं इकडे, कोणी म्हणालं तिकडे. वडील गेले. घर विकलं. आई बाईंकडे राहायला आली. आता धाकट्याला जुना पत्ता आठवला असता तरी काय? त्या पत्त्यावर दातांचा दवाखाना आहे.

त्या संध्याकाळी बाईंनी भाजी निवडता निवडता सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, धाकट्याला कोडी फार आवडायची, नाही गं?"

आई खिडकीशी बसली होती. गल्लीच्या तोंडाकडे बघत बसायची तिची सवय, आताशा दिसत फारसं नव्हतं तरी. "कोडी कुठं आवडायची?" ती म्हणाली. "प्रश्न वाचायचाच नाही मेला. आधी उत्तर. मग म्हणायचा, आता तू ओळख, विचारलं काय असेल?" आणि जरा थांबून, "का गं?"

"काही नाही. आठवलं आपलं."

"तुला भाजी निवडताना काही आठवत नाही. देठ ठेवलेस आणि पानं फेकलीस बघ."

दुसऱ्या दिवशी बाईंनी कट्ट्यावरचे मिळतील तेवढे नकाशे उघडून पाहिले. उत्तर खाली असलेला एकही नाही. पण सर म्हणाले, बग असाच असतो, एखाद्यालाच चावतो. मग बाई त्या नकाशाखाली शेरा लिहायला बसल्या. आपलं नाव लिहिलं, तर त्याजागी फुल्या पडल्या. गावाचं नाव लिहिलं, फुल्या. फोनचे आकडे घातले, फुल्याच फुल्या.

"मुलांच्या सुरक्षेसाठी," सर कौतुकानं म्हणाले. "कोणाचा थांगपत्ता कोणाला लागत नाही. ही यांची जमेची बाजू."

"हो ना," बाई म्हणाल्या. "मोठीच."

'तू आहेस का रे?' असं लिहून त्यांनी खोडलं. कट्ट्यावर हजार शिक्षक. भलताच कोणी निघाला तर हसं, आणि तोच निघाला तर? जो एका शब्दावर गेला तो एका शब्दावर कट्टा सोडूनही जाईल. त्यांनी बराच वेळ खुर्ची मागंपुढं केली आणि शेवटी कोणीही शिक्षकानं विचारावं तेवढंच विचारलं: 'उत्तर खाली का?'

नावगाव फुल्यांत गेलं तरी शेऱ्याला नकाशावरच्या आपल्या जागेची खूण मात्र जोडता येत होती. बाई नकाशावर आपलं घर शोधू लागल्या. मोठा रस्ता होता, पूल होता, बाजार होता. बाजारामागं मात्र नुसता राखाडी रंग. गल्ल्याच नाहीत. बाईंचं घर त्या राखाडीत कुठंतरी होतं. शेवटी त्यांनी खूण केली ती शाळेवर. शाळा दिसत होती, नावासकट.

त्यानंतर बाई रोज शाळा सुटली की बडबड्यावर. शिपाईमामा किल्ली वाजवत दारात उभे राहायचे. "बाई, ते बडबडतं तरी काय एवढं? घरी जायचं नाही का?"

"काहीच बडबडत नाही, मामा. म्हणून तर बसलेय."

शेरा जिथल्या तिथं होता. त्याच्याखाली कोरी जागा. उत्तर, खाली, नव्हतं.

मुदत संपत आली तसा बाईंनी समितीसाठी आपला अभिप्राय लिहून काढला: बडबडंच घ्यावं. शिक्षकांना एकमेकांकडून शिकता येतं, मुलांना परमुलुखाची ओळख होते, विचारांची देवाणघेवाण वाढते. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ज्या कारणासाठी लिहिलं होतं ते कारण एकाही वाक्यात नव्हतं. कंपनी फक्त शाळांना सॉफ्टवेअर देत होती, एकट्यादुकट्या माणसाला नाही. शाळेनं घेतलं तर बाई निवृत्त होईपर्यंत वाट बघू शकणार होत्या. नाही घेतलं तर शुक्रवारी संध्याकाळी कट्ट्याचं दार बंद. आणि बाई म्हणतील ते होणार, हेही उघड होतं. इतकी वर्षं खरं बोलून जी पत साठवली होती ती एकदाच मोडायची होती.

नियमाप्रमाणे प्रत्येक सॉफ्टवेअर एकदा वर्गात वापरून बघायचं होतं. बुधवारी बडबड्याची पाळी आली. बाईंनी मुलांना सांगितलं, "आपापलं घर शोधा आणि शाळेपर्यंतचा रस्ता दाखवा."

थोडा वेळ गलका झाला. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, आमची गल्लीच नाही!"

"आमची पण नाही."

"मग तुम्ही रोज येता कुठून?" पुढच्या बाकावरचा एक म्हणाला. त्याचा बंगला मोठ्या रस्त्यावर होता, नकाशात ठळक. "आभाळातून पडता का?"

वर्ग हसला. गल्लीवाली पोरंही हसली. हसण्याला हसून उत्तर द्यायचं त्यांना पाठ झालेलं असतं. फक्त एक मुलगी हसली नाही. दोन वेण्या, हनुवटीवर शाईचा डाग. तिनं राखाडी भागात बोट टेकवून विचारलं, "बाई, इथं कोणी मला शोधायला आलं तर त्याला वाटेल ना की इथं कोणी राहतच नाही?"

तास संपायला अवकाश होता, पण बाईंनी बडबडं बंद करून मुकं लावलं. "हं, जे नाही ते काढा आता," म्हणाल्या. त्या मुलीनं बाजारामागची गल्ली काढली. गल्लीचं वळण काढलं. वळणावर एक छोटा गोल.

"हे काय गं?"

"इथं कुत्रा झोपतो. त्याला ओलांडून यावं लागतं. नवीन माणसाला माहीत पाहिजे ना."

वळणापासून दोन घरं सोडून बाईंचं स्वतःचं घर होतं. मुलीनं तेही काढलं होतं आणि खिडकीत एक ठिपका दिला होता. "या आजी," ती म्हणाली. "नेहमी इथंच असतात."

शुक्रवारी समिती बसली. मुख्याध्यापकांनी सुरुवात केली, "गरगऱ्याचं काय? उद्घाटनाला पाहुणे बोलावले तर फिरेल ना ती पृथ्वी?"

"नेट असलं तर फिरेल, सर. नाहीतर मध्येच थांबेल."

"कुठं थांबेल?"

"सांगता येत नाही. परवा महासागरावर थांबली. सातवीच्या पोरांनी तास संपेस्तोवर निळा रंग बघितला."

मुख्याध्यापकांनी जड मनानं पृथ्वी सोडली. "मग बाई, तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा."

बाईंची फाईल उघडी होती. अभिप्राय वरच होता, सुवाच्य अक्षरांत. त्यांनी त्यावर तळहात ठेवला, वाऱ्यानं उडेल म्हणून ठेवावा तसा. पंखा तर बंदच होता.

"मुकं घ्या," त्या म्हणाल्या.

संगणकाचे सर उडालेच. "मुकं? अहो, तुम्ही तर महिनाभर बडबड्यावर ठाण मांडून होतात!"

"होते. त्यात आपल्या निम्म्या पोरांची घरं नाहीत. ज्या नकाशात पोराचं घरच नाही तो त्याला कशाला शिकवायचा? आणि ते घर सोडून परमुलूख दाखवायचा?"

"कंपनीला कळवू की," मुख्याध्यापक म्हणाले.

"मी कळवलं, सर," संगणकाचे सर म्हणाले. "आपली सूचना आमच्यासाठी मोलाची आहे, असं आलं."

"म्हणजे करणार नाहीत." मुख्याध्यापकांना कचेऱ्यांची भाषा उत्तम यायची. "ठीक. मुकं. सही कुठं करू?"

इतकं सोपं होतं ते. बाई उठल्या तेव्हा गुडघ्यातून कट्ट असा आवाज आला. संगणकाचे सर म्हणाले, "चला, मुकं घेतलं तरी गुडघा तर बोलला." सगळे हसले, बाईही हसल्या. मग संगणक खोलीत गेल्या.

शेरा होता. खाली काही नव्हतं. नकाशा छापून घ्यायची सोय फक्त विकत घेणाऱ्यांना होती. बाईंनी अभिप्रायाचा कागद काढला, उलटा केला आणि पेन्सिलीनं नकाशा उतरवू लागल्या: शाळा, टाकी, थांबा, जिना असलेलं घर. हात सवयीनं चालत होता. तळाशी आल्यावर मात्र अडला. 'उत्तर' हा शब्द त्यांना उलटा लिहिता येईना. शेवटी कागद फिरवून, धाकटा पडायचा त्या बाजूनं, त्यांनी तो लिहिला.

काही वेळानं पडद्यावर आलं: 'आपली मुदत संपली आहे. आपला अनुभव कसा होता?' खाली पाच चांदण्या, दाबण्यासाठी. बाईंनी एकही दाबली नाही.

घरी आल्यावर त्यांनी कागद आईच्या मांडीवर ठेवला. आईनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. तिचं बोट तळाशी जाऊन थांबलं.

"कधी काढला हा त्यानं?"

"त्यानं नाही गं. मी काढलाय."

"तू कशाला उलटं काढशील?" आई म्हणाली. तिनं कागद परत दिला नाही, बाईंनीही मागितला नाही.

मुकं शाळेत रुळलं. पाहुणे आले नाहीत, कारण मुक्याचं उद्घाटन काय करणार? पण बाजारामागचा राखाडी भाग मुलांनी हळूहळू भरून काढला. दुकानं, नळ, कोणाच्या आत्याचं घर, कुठल्या कुंपणात भोक आहे ते. कुत्र्यानं जागा बदलली तर नकाशात बदल व्हायचा. सहामाही परीक्षा झाली, पेपर तपासून झाले. संध्याकाळी बाई थेट घरी जाऊ लागल्या, आणि शिपाईमामांना किल्ली वाजवायला कोणी उरलं नाही.

एक दिवस आठवीच्या तासाला फळ्यावर नदीचं खोरं अर्धं झालं होतं, तेवढ्यात मामा दारात आले. चेहऱ्यावर वैताग.

"बाई, ऑफिसात फोन आहे. भूगोलाच्या बाईंना द्या म्हणतो."

"कोणाचा?"

"नाव सांगेल तर शपथ. तीनदा विचारलं. पालक आहात का? नाही. कंपनीचे आहात का? नाही. म्हटलं, अहो निरोप तरी सांगा. तर म्हणतो..." मामांनी वर्गाकडे बघून आवाज खाली केला. "डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय. म्हणतो, बाईंना म्हणावं, हवंय तर मान वाकडी करा."

खडू खाली पडला नाही. बाईंनी तो फळीवर नीट ठेवला. मुलांना म्हणाल्या, "खोरं पूर्ण करा. नदी उताराकडे जाते, विसरू नका." मग व्हरांड्यातून चालत गेल्या. धावल्या नाहीत. धावलं तर काहीतरी सांडेल असं वाटत होतं.

ऑफिसात टेबलावर रिसीव्हर आडवा ठेवलेला होता. बाईंचे दोन्ही हात खडूनं माखलेले. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला आणि खांदा नि कान यांच्यामध्ये धरला. मान आपसूक वाकडी झाली.

"बोल," त्या म्हणाल्या.

पलीकडे कोणी बोलत नव्हतं. पण ठेवतही नव्हतं.